तव्यावरचे गळ

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आमच्याकडे दोन गोष्टी न चुकता होतात. चाळीच्या पटांगणातल्या विहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन सुरू होतं, ते पुढे तीन महिने चालतं. आणि माझ्या पोटात गोळा येतो. पहिली गोष्ट सगळ्या चाळीला ठाऊक आहे. दुसरी फक्त घरातल्यांना, आणि आता तुम्हाला.

मी जन्माची घाबरट. पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत बसते. माझा नवरा मिलिंद म्हणतो, "सुजाता, तुला घाबरायला कारण लागत नाही, फक्त फुरसत लागते." गंमत अशी की लोक मला घाबरतात. पंचवीस वर्षं मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते आहे. चांगली धिप्पाड माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसतात आणि डोळे घट्ट मिटून घेतात. सुई हातात असली की माझा हात हलत नाही. पण सुईहूनही लहान अशी एक वस्तू आमच्या घरात आहे. तिचा डबा उघडताना माझे तळवे अजून ओले होतात.

ती वस्तू म्हणजे गळ. भाऊच्या धक्क्याजवळ मिळतो तसला जाडजूड नव्हे. हा जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. त्याच्यावर रेशमी धागा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून असा काही किडा बनवायचा, की डोंगरातल्या थंडगार नदीतला ट्राउट मासा फसून वर यावा. या किड्याला माशी म्हणतात. आमच्या घरात चाळीस वर्षं या माश्या बांधल्या जातात आणि हिमाचलला जातात. बांगडा, बोंबील, मांदेली यांची माझी लालबागच्या बाजारातली रोजची ओळख. ट्राउट मात्र मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही.

हा उद्योग आबांचा. आबा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये साचेखात्यात विणकर होते. मिलचे एक साहेब सुट्टीत काश्मीरला ट्राउट धरायला जायचे. त्यांची एक परदेशी माशी उसवली होती, ती त्यांनी आबांपुढे ठेवली आणि विचारलं, असं बांधून देशील का? आबांनी रविवारभर बसून ती धाग्याधाग्याने सोडवली, एकेक वेढा लक्षात ठेवला, आणि सोमवारी नवीन बांधून नेली. साहेबांनी ती तळहातावर घेतली आणि उजेडात उलटसुलट करून बघितली. पुढे संप झाला, मिल बंद पडली, साहेब कुठे गेले कोण जाणे. माश्या राहिल्या. त्यांच्यावर आमच्या शाळेच्या फिया गेल्या, माझं डीएमएलटी झालं. आबांच्या हाताला कंप सुटला तसं बांधण्याचं काम माझ्याकडे आलं. लॅबमधून आले की चहा घ्यायचा आणि खिडकीपाशी बसायचं. टेबलाला कसलेल्या छोट्या पकडीत गळ धरायचा आणि मिलमधून आलेल्या जुन्या बॉबिनवरून धागा सोडायचा.

आबांकडे एकच काम उरलं, गळ तपासणं.

चांगला गळ आणि स्वस्त गळ हे दोन्ही एका डबीत सापडणं फार अवघड असतं. जपानी गळ उत्तम, पण पंचवीस नगांच्या पाकिटाला जो भाव सांगतात तो ऐकून मी दुकानात उगाच खोकायला लागते. सुटे गळ स्वस्त, पण त्यातले कितीतरी घरी येईपर्यंतच वाकलेले. आबांनी यातून आपला मार्ग काढला होता. नावाचं पाकीट घ्यायचं नाही. सुटे घ्यायचे, पण एकेक तपासून. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढायचं. नखाला चावलं तर पास, घसरलं तर नापास. मग नेढं बघायचं, सुईला असतं तसंच. ते पुरतं मिटलेलं हवं, फट राहिली तर दोरा कापला जातो. मग टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने दाबायचा. तो निमूट चपटा झाला तर ठीक, कट्कन मोडला तर सगळा गळच ठिसूळ. हिमाचलात आमच्या माश्या घेतात त्या नेगीजींना काटा दाबलेलेच गळ लागतात, कारण त्यांच्याकडचे पाहुणे मासा धरतात, बघतात आणि पाण्यात परत सोडतात. शेजारच्या सुमनवहिनी मला चिडवायच्या, "पहिलं शील हिंसा न करण्याचं, आणि तू बघावं तर गळ घेऊन बसलेली!" तेव्हा आबा हाच चपटा काटा त्यांना दाखवायचे.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. गळ पकडीत धरायचा आणि नखाने छेडायचा, एकतारी छेडावी तसा. चांगल्या पाण्याचा, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेल्या पोलादाचा, गळ टिंग करतो आणि जागच्या जागी येतो. नरम गळ गप्प बसतो आणि वाकलेलाच राहतो. आबांना तो टिंग ऐकू येत नाही. साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान तरुणपणीच गेले. पण ते म्हणतात, "कान कशाला हवा? नखाला कळतंय." एकेका गळाला तीनतीनदा हात न्यावा लागायचा, कारण बोट थरथरत भलतीकडेच जायचं. तरी ते सोडायचे नाहीत. सहाशे गळ तपासायला त्यांना बारा दिवस लागायचे.

मग ते चिठ्ठ्या लिहायचे. डझनाच्या प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी. तिच्यावर थरथरत्या अक्षरात दोनच शब्द, 'तपासले. जाधव.' नेगीजींच्या पाहुण्यांना मराठी कुठलं यायला? पण नेगीजी एकदा म्हणाले होते की लोक पाकीट उघडून आधी ती चिठ्ठी बघतात. हे कळल्यापासून आबा चिठ्ठी लिहिताना इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागले.

चार वर्षांपूर्वीच्या त्या वर्षावासात पावसाला उघडीप म्हणून नव्हती. भिंतींना ओल, कपड्यांना वास, आगपेटीतली काडी तीनदा घासावी तेव्हा पेटायची. पाऊस सरल्यावर हिमाचलात ट्राउटचे दिवस येतात, त्यासाठी पन्नास डझनांची मागणी होती. चारशे माश्या बांधून झाल्या होत्या. दोनशे गळ आणि वर दोनचार जास्तीचे शिल्लक होते, आबांनी एकेक छेडून पास केलेले. एका सकाळी मी डबा उघडला, तर त्यांच्यावर तपकिरी ठिपके. अगदी बारीक, तिळाहून बारीक, पण गंजच.

दोनशे गळ नव्याने आणायचे, आबांनी पुन्हा बारा नाही तरी चार दिवस बसायचं, आणि तारीख चुकणार. हे त्यांना कसं सांगायचं? खरं तर सांगायचं होतं ते एवढंच की डब्याचं झाकण आदल्या दिवशी माझ्याकडून सैल राहिलं. एवढीशी गोष्ट. पण घाबरट माणसाला एवढीशी असं काही दिसतच नाही.

आणि मग मी ते केलं, जे पावसाळ्यात आमच्याकडची कुठलीही बाई करते. दमट झालं की आपण काय करतो? रवा भाजून ठेवतो. मीठ तव्यावर फिरवतो. पापड, शेवया, कसुरी मेथी, सगळ्याला तवाच तारतो. मी तवा ठेवला, मंद आच केली आणि दोनशे गळ त्याच्यावर पसरले. दोन मिनिटं फिरवावेत, ओल उडून जाईल, मग फडक्यात घासून घ्यावेत, इतका साधा विचार. तेवढ्यात लॅबमधून फोन आला, कुणाचा तरी रिपोर्ट सापडत नव्हता. मी गॅलरीत गेले आणि बोलत राहिले. परत आले तेव्हा तव्यावरून निळसर धूर निघत होता आणि घरभर एक उग्र, धातूचा वास सुटला होता.

आतून आबांनी विचारलं, "काय जळतंय गो?"

मी दारात गेले आणि त्यांना दिसेल असं तोंड करून म्हणाले, "रवा, आबा."

आता एकदा रवा म्हटल्यावर रवा दिसायला नको का? गळ घाईघाईने ताटलीत ओतले, तोच तवा उतरवून कढई चढवली, आणि भल्या सकाळी शिरा केला. त्या धांदलीत रवा नीट भाजलाही गेला नाही. आबांनी तो शिरा मुकाट्याने खाल्ला. मिलिंद म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, सहज. त्यालाही मी खरं सांगितलं नाही, कारण त्या क्षणी तरी मला वाटत होतं की काही बिघडलंच नाही. गळ गार झाले होते. फडक्याने घासल्यावर ठिपके गेले होते. उलट मधल्या काही गळांना सुंदर मोरपिशी झाक आली होती. मला ती आवडली, हे कबूल करते. मी त्या दोनशेच्या माश्या बांधल्या, आधीच्या चारशेत मिसळल्या, आबांच्या चिठ्ठ्या घालून पन्नास पाकिटं बंद केली आणि पार्सल कुरियरला दिलं.

पार्सल गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केर काढत असताना चटईच्या दशीत अडकलेला एक गळ सापडला. निळी झाक असलेला. मला नव्हे, आबांना सापडला. त्यांनी तो उचलला, पकडीत धरला आणि सवयीने छेडला.

मी दोन हात अंतरावर उभी होते. मला ऐकू येतं. टिंग झालाच नाही. गळ गप्प बसला आणि विजेच्या तारेसारखा वाकून तसाच राहिला.

"हा कुठला गो?" आबांनी विचारलं.

"जुन्यातला असेल कुठला तरी," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, गळाकडे पाहिलं, आणि तो काडेपेटीत टाकून खिडकीत ठेवून दिला. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. आचेने पोलादाचं पाणी उतरतं, हे मला तिथे नळाखाली हात धरून कळलं. दोनशे गळ. कुठल्या पाकिटात किती, देवालासुद्धा सांगता आलं नसतं, आणि आमच्याकडे तर देवही नाही. प्रत्येक पाकिटात चिठ्ठी मात्र होती. तपासले. जाधव.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते मला शब्दात नीट सांगता येणार नाही. भीती म्हणजे काही मोठा आवाज नसतो. माझी भीती फोनच्या व्हायब्रेशनएवढी होती. ओट्यावर ठेवलेला फोन घुर्र करून सरकला की माझ्या हातातून पोळी पडायची. लॅबमध्ये मी एका बाईंची शीर शोधताना तीनदा चुकले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही नवीन आहात का?" एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

सारखं एकच चित्र दिसायचं. मी कधीही न पाहिलेली नदी. तिच्या गार पाण्यात कमरेपर्यंत उभा असलेला कुणी पाहुणा, सुट्टी साठवून साठवून आलेला. त्याच्या दोरीला मासा लागतो. दोरी ताणते, आणि एकदम सैल पडते. तो दोरी ओढून घेतो, टोकाला बघतो तर गळ सरळ झालेला. मग तो खिशातलं पाकीट काढतो, चिठ्ठी काढतो आणि नेगीजींना विचारतो, इस पर क्या लिखा है? इथपर्यंत आलं की मी हातातलं काम टाकून उठायचे.

एकदा मन घट्ट केलं आणि नेगीजींना फोन लावला. एक रिंग गेली आणि मी कट केला. लगेच त्यांचा उलटा फोन. "हां बहनजी?" मी म्हटलं, चुकून लागला. त्यांनी पार्सल मिळाल्याचं सांगितलं, बाबूजींना नमस्कार सांगितला, रस्ता खचल्यामुळे पाहुणे यायला वेळ आहे असंही सांगितलं. म्हणजे माश्या अजून पाण्यात पडलेल्याच नव्हत्या. त्या एका मिनिटात सगळं निस्तरता आलं असतं. मी "अच्छा, अच्छा" म्हणत फोन ठेवला.

मिलिंदला अखेर सांगितलं. तो आधी हसला. "मासे काय कंप्लेंट करणार आहेत का? उलट सुटले बिचारे." मग माझं तोंड बघून गंभीर झाला. "आबांना सांगून टाक ना यार. ते काय मारणार आहेत का तुला?"

नाही, मारणार नव्हते. आबांनी मला आयुष्यात कधी बोट लावलेलं नाही. मग मी कशाला भीत होते? मी नऊ वर्षांची असताना असाच एक गळ माझ्या अंगठ्यात शिरला होता. हात लावू नको म्हणून बजावलेला डबा मी उघडला होता. मी मूठ मिटली आणि दिवसभर मिटलेलीच ठेवली. शाळेत डाव्या हाताने लिहिलं, जेवताना दुखतंय म्हणून जेवलेच नाही. संध्याकाळपर्यंत अंगठा टम्म सुजला. आबांनी मूठ उघडली. गळाच्या वळणात दोरा अडकवला, दांडी खाली दाबली आणि मला म्हणाले, खिडकीत कावळा बघ. मी बघेपर्यंत त्यांनी दोऱ्याला हिसका दिला आणि गळ बाहेर. दुखलंसुद्धा नाही. दुखलं ते दिवसभर. तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त त्यांचा चेहरा उतरला. 'माझ्या पोरीला मला सांगावंसं वाटलं नाही,' असा तो चेहरा होता. मला त्या चेहऱ्याची भीती वाटत होती. आणि प्रत्येक दिवसागणिक मी तो चेहरा आणखी पक्का करत होते, हेही मला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी विहारात आम्ही सगळे पंचशील म्हणायचो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली जायचा. त्या महिन्यात वाचनाची पाळी नेमकी माझ्यावर आली. आबा रोज पहिल्या रांगेत, वाचणाऱ्याच्या अगदी समोर बसतात. ऐकू येत नसताना का येतात, असं नव्या पोरांना वाटतं. पण साचेखात्यात चाळीस साच्यांच्या गदारोळात माणसं एकमेकांशी ओठांनीच बोलायची. आबांना ओठ वाचता येतात, वर्तमानपत्र वाचावं तसे. त्या संध्याकाळी परत येताना लालबागच्या बाजूने ढोलांची तालीम ऐकू येत होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर आबा थांबले आणि म्हणाले, "आज वाचताना तुझे ओठ सुकलेले होते. बरं नाय काय?"

"उकडतंय ना, आबा."

"नेगीचा फोन आला काय?"

"नाही."

हा प्रश्न ते रोज विचारत. मला वाटे, चिठ्ठ्यांचं कौतुक ऐकायचंय म्हणून विचारतात.

फोन आला तो एका रविवारी, भाद्रपद संपता संपता. दुपारची जेवणं झाली होती, आबा खाटेवर बसले होते, मी त्यांची नखं कापत होते. व्हिडिओ कॉल होता. मी न उचलण्याची तयारी करत होते, पण आबांनीच बोट दाखवलं, "उचल."

पडद्यावर नेगीजींचं तोंड, मागे पांढरं फेसाळ पाणी. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खजील झाल्यासारखे बोलत होते. "बहनजी, कैसे बताऊँ... बाबूजी का माल है, इसलिए समझ में नहीं आता." त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक माशी धरली. तिचा गळ शिवणाच्या सुईसारखा सरळ झाला होता. तीन मासे गेले, ते म्हणाले. एक पाहुणे वयस्कर होते, पहिल्यांदाच आले होते, त्यांचा मासा अगदी हाताशी येऊन गेला. ते नुसते दगडावर बसून राहिले. "बाबूजी को आप ही बता दीजिए."

फोन माझ्या हातात होता. आबांनी खांद्याला हात लावून विचारलं, "काय म्हणतोय?"

मी आबांकडे वळले आणि ओठ नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माश्या छान झाल्यात म्हणतात. पाहुणे खूश आहेत."

आबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते फोनच्या पडद्याकडे बघत होते. आणि तेव्हा मला आठवलं की मागच्याच वर्षी मी हौसेने, मागे लागून, त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं होतं. मिलमध्ये अर्धे भय्ये होते, हिंदी ओठ त्यांना मराठीइतकेच वाचता येत होते. नेगीजींचा प्रत्येक शब्द त्यांनी पाहिला होता. सरळ झालेला गळही पाहिला होता.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांच्या हातात तो इतका हलत होता की नेगीजींना नुसतं छत दिसत असेल. बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सपाट आवाज लावून ते म्हणाले, "नेगीजी, गलती हमारा है. हमने ठीक से तपासा नहीं. हमारा उमर हो गया. सब वापस भेजो. वो बुजुर्ग साहब को बोलना, जाधव माफी मांगता है."

चारशे माश्या निर्दोष होत्या. उरलेले दोनशे गळही त्यांच्या नखाखालून गेले तेव्हा निर्दोषच होते. आजवर त्यांच्या हातून एक नापास गळ गेला नव्हता, आणि ते माझ्यासमोर बसून सांगत होते की आपलं वय झालं. मला ओरडून सांगायचं होतं, नेगीजी, खोटं आहे हे, मी केलंय. मी नेलकटर मुठीत धरून बसून राहिले. फोन बंद झाला.

मी रडायला लागले. आबांनी रडू दिलं. मग म्हणाले, "रव्याला पोलादाचा वास येत नाय, बाय."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"शिऱ्यातला रवा तर कच्चा होता." ते क्षणभर हसले. मग खिडकीतली काडेपेटी घेऊन त्यातला तो निळा गळ त्यांनी तळहातावर ठेवला. "तवाच ना? मिलमध्ये तापलेलं पोलाद काय कमी बघितलंय मी?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? महिनाभर मी मेले हो भीतीने."

"मी पण," आबा म्हणाले. "तू भीत होतीस की मला कळेल. मी भीत होतो की तू सांगणारच नायस. रोज विचारत होतो ना, फोन आला काय म्हणून? तुला दार उघडून देत होतो गो."

मी त्यांच्या अर्धवट कापलेल्या नखांकडे बघत बसले. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मला कधीच पूर्ण कापू दिलं नाही. गळ छेडायला ते लागतं.

पार्सल परत आलं. त्या सहाशे माश्यांची छाननी आम्ही दोघांनी मिळून केली. निळी झाक दिसली तो गळ सरळ बाजूला, पण तव्याच्या कडेचे काही गळ वरून बिनडागी दिसत होते आणि आतून नरम होते, म्हणून एकेक छेडणं आलंच. मी छेडायचे, आबा माझ्या नखाला आपलं बोट टेकवून बसायचे. टिंग झाला की त्यांचं बोट उचललं जायचं. जिथे ते उचललं गेलं नाही, ती माशी मी स्वतःच्या हाताने कात्रीने कापली. तिच्यावरचं पीस, रेशीम, संध्याकाळचे माझे अर्धा-अर्धा तास, सगळं कागदावर पडत गेलं. एकशे ऐंशी भरल्या.

मग चिठ्ठ्यांची वेळ आली. जुन्या पन्नास चिठ्ठ्या आबांनी गोळा केल्या, कडा जुळवल्या, रबरबँड लावलं आणि ट्रंकेत ठेवल्या. कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. ते साध्या बनियनवर बसले होते.

"आता तू लिही."

"तुमचं नाव लिहिते ना, आबा. अक्षर फक्त माझं."

"नाय. माझं नाव आता तिथं चालायचं नाय. तूच तपासलंस, तूच लिही."

'तपासले' लिहून झालं. पुढे 'सुजाता' लिहायला गेले तर पेन कागदावर टेकेना. शिरेत सुई घालताना न हलणारा माझा हात आबांच्या हातासारखाच हलत होता. ते बघून आबा म्हणाले, "हां, आता बरोबर. हात हलला पायजे. न हलणाऱ्या हाताने लिहिलेलं काय खरं नसतं."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. मी आजही गळ घ्यायला जाते तेव्हा दुकानदार म्हणतो, "ताई, तुम्ही सोनं घेताय की हुक?" मी नखावर टोक ओढते, नेढं उजेडात धरते, दोन काटे तिथेच चिमट्याने दाबून बघते, आणि हे सगळं करताना माझी छाती धडधडत असते. भीती गेली नाही. ती कुठे जाणार? चांगला गळ ओळखायला मी नख वापरते हे खरं, पण नख चालवायला लावते ती हीच.

आज पुन्हा आषाढी पौर्णिमा झाली आहे. आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, विहारात पहिल्या रांगेत बसतात, घरी मात्र बहुतेक वेळ खाटेवर असतात. नेगीजींची मागणी आली आहे, त्या वयस्कर पाहुण्यांसाठी वेगळा एक डझन धरून. सकाळी लॅबला निघण्याआधी मी डबा उघडला. झाकण घट्ट होतं, आत तांदळाची पुरचुंडी होती, कापूर होता, सगळं होतं. तरी वरच्या थरात बारा-पंधरा गळांवर तपकिरी ठिपके.

पोटात तोच गोळा आला. तसाच, अगदी तितकाच मोठा. ओट्यावर तवा होता, पोळ्यांचा, अजून गरम. मी त्याच्याकडे बघितलं, हे लपवत नाही. मग डबा घेऊन आतल्या खोलीत गेले आणि खिडकीच्या उजेडात, आबांच्या बरोबर समोर उभी राहिले, माझे ओठ त्यांना दिसतील अशी.

"आबा, गळांना गंज आलाय."

आबांनी चष्मा वर केला आणि थरथरता हात पुढे पसरला.

"दाखव."